भूसंपर्कन, इमारतींतील पोलादी सांगाड्याचे

इमारतीतील पोलादी खांब, तुळया, छपराच्या कैच्या, जिने, लिफ्टचे मार्गदर्शक रूळ व काँक्रीटमधील सळया हे भाग वीज वाहून नेण्यासाठी बसविलेले नसतात. असे धातूचे भाग परस्परांशी, वीजसंच मांडणीतील संरक्षक तारेशी व जमिनीशी कायम स्वरूपात आणि अल्प रोधाने जोडण्याच्या क्रियेस पोलादी सांगाड्याचे भूसंपर्कन म्हणतात. कारागिरांच्या बोलीत यालाच ‘अर्थिंग’ करणे असे म्हणतात. जमिनीत पुरलेल्या ज्या धातुखंडामार्फत हा संपर्क साधला जातो त्यास भू-अग्र म्हणतात. भू-अग्र हा या व्यवस्थेचा केवळ एक घटक असून सगळ्या धातुभागांची अखंड जोडणी हा तिचा गाभा होय.

पोलादी सांगाडा हा स्वतः उत्तम वीजवाहक असतो आणि तो प्रत्येक मजल्यापर्यंत पोहोचलेला असतो. त्यामुळे तळमजल्यावरील पंपाच्या तारेचे निरोधक आवरण घासून ती खांबाला टेकली, तर दोष तळमजल्यावर असूनही धक्का चौथ्या मजल्यावरील जिन्याचा कठडा धरणाऱ्या माणसास बसू शकतो. ओल्या हातापायांनी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्ट दाबाखाली त्याच्या शरीरातून ०·२३ अँपिअर म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. याच्या चौथ्या हिश्श्याइतका प्रवाहदेखील काही सेकंद छातीतून वाहिल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. भूसंपर्कनाचे मुख्य हेतू तीन आहेत : (१) दोष निर्माण होताच पुरेसा मोठा प्रवाह वाहून पुरवठा आपोआप तुटावा, (२) तो तुटेपर्यंत एकाच वेळी स्पर्श होऊ शकेल अशा दोन धातुभागांत घातक दाबभेद राहू नये, (३) आकाशातील विजेचा प्रवाह इमारतीला व माणसांना इजा न करता जमिनीत जावा.

इतिहास : आकाशातील वीज ही विद्युतच होय, हे बेंजामिन फ्रँक्लिन यांनी सुचविलेल्या प्रयोगांवरून १७५२ मध्ये सिद्ध झाले आणि उंच इमारतींवर तडित् संवाहक बसविण्याची प्रथा सुरू झाली. १८३६ मध्ये मायकेल फॅराडे यांनी धातूच्या बंदिस्त पिंजऱ्याच्या आत बाह्य विद्युत् भाराचा परिणाम जाणवत नाही, हे दाखविले. याच तत्त्वावर इमारतीभोवती संवाहकांचे वेष्टन करावे, अशी सूचना जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७६ मध्ये दारूगोळ्याच्या कोठारांसंदर्भात केली. पुढे पोलादी सांगाड्याच्या इमारती रूढ झाल्यावर असा पिंजरा इमारतीच्या रचनेतच तयार मिळू लागला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या कोरड्या प्रदेशात दारूगोळ्याच्या कोठारांना भूसंपर्क देण्याचा प्रश्न निर्माण झाला. तेथे हर्बर्ट यूफर या अभियंत्याने पायाच्या काँक्रीटमधील सळयांचाच भू-अग्र म्हणून उपयोग केला. अनेक वर्षांनंतरच्या मापनांतही त्यांचा रोध ५ ओहमच्या आतच आढळला. काँक्रीटमधील पोलाद हे जमिनीपासून तुटलेले असते, हा पूर्वीचा समज यामुळे दूर झाला.

तत्त्व : लोखंडी खांबाला तार जोडून ती जमिनीत पुरलेल्या नळाला बांधली की खांब सुरक्षित झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे हे साध्या गणिताने तपासता येते. जमिनीची रोधकता १०० ओहम-मीटर असल्यास ४० मिमी. व्यासाच्या व २·५ मी. लांबीच्या उभ्या नळाचा भू-रोध सु. ३५ ओहम येतो. रोहित्राच्या तटस्थ बिंदूच्या भूसंपर्काचा रोध १ ओहम धरू. २३० व्होल्ट दाबाची फेज तार खांबाला टेकल्यास जमिनीमार्गे २३० ÷ ३६, म्हणजे सु. ६·४ अँपिअर प्रवाह वाहील. हा प्रवाह १६ अँपिअरच्या वितळतारेला अथवा मंडल खंडकाला नेहमीच्या वापरातील प्रवाहासारखाच वाटतो. ती वितळत नाही व खंडक तुटत नाही. खांबावर मात्र ६·४ × ३५, म्हणजे सु. २२४ व्होल्ट दाब कायम राहतो. भू-रोध कमी करून ५ ओहमवर आणला तरी प्रवाह ३८ अँपिअर व खांबावरील दाब सु. १९० व्होल्ट राहतो आणि खंडकाच्या उष्णतेवर चालणाऱ्या भागास पुरवठा तोडण्यास कित्येक सेकंद, क्वचित मिनिटभरही लागते. म्हणजे केवळ जमिनीवर विसंबल्यास चांगला भू-अग्रही माणसाचे रक्षण करू शकत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे खांबापासून मुख्य भूसंपर्क पट्टीपर्यंत आणि तेथून पुरवठा यंत्रणेच्या भूसंपर्कित तारेमार्गे रोहित्राच्या तटस्थ बिंदूपर्यंत धातूचाच अखंड मार्ग ठेवणे. या वळशाचा एकूण संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण विरोध) ०·५ ओहम असल्यास दोषप्रवाह ४६० अँपिअर होऊन खंडक क्षणार्धात तुटतो. दुसरा उपाय म्हणजे अवशिष्ट प्रवाह खंडक बसविणे. फेज व तटस्थ तारांतील प्रवाहांत फरक पडताच, म्हणजेच काही प्रवाह अन्य मार्गाने निसटताच, हा खंडक पुरवठा तोडतो. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा खंडक वापरतात. असा खंडक असल्यास ३५ ओहमचा भू-रोधही पुरेसा ठरतो. पुरवठा यंत्रणेकडून धातूचा परतमार्ग मिळत नसेल, तेथे हा दुसरा उपाय अपरिहार्य होय.

येथे एक निषेध कटाक्षाने पाळावा लागतो. तटस्थ तार तुटली असता काही कारागीर सांगाड्याचा किंवा भूसंपर्क तारेचा तटस्थ तार म्हणून उपयोग करतात. त्यामुळे उपकरण चालू होते. परंतु सांगाड्यातून कायम प्रवाह वाहू लागतो आणि एखादा सांधा सैल झाल्यास त्यापलीकडील सर्व धातुभाग पुरवठ्याच्या दाबावर येतात. इमारतीच्या आत तटस्थ तार व सांगाडा यांची जोडणी कोठेही करू नये.

जमीन व भू-अग्र : भू-अग्राचा रोध मुख्यतः मातीच्या रोधकतेवर अवलंबून असतो. ओल्या काळ्या मातीची रोधकता १० ओहम-मीटरच्या आसपास, मुरमाची त्याच्या कित्येक पट, तर कठीण कोरड्या काळ्या पाषाणाची हजारांच्या घरात असू शकते. दख्खनच्या पठारावर माती व मुरमाचा थर अनेक ठिकाणी पातळ असून त्याखाली लगेच बेसाल्ट खडक लागतो. त्यामुळे नळ खोल ठोकून रोध कमी करण्याची मैदानी प्रदेशातील रीत येथे सर्वत्र चालत नाही. भारतीय मानकानुसार जस्तलेपित लोखंडी पत्र्याचा भू-अग्र किमान ६० × ६० सेंमी. आकाराचा व ६·३ मिमी. जाडीचा असावा लागतो. नळाभोवती कोळसा व मीठ भरण्याची पद्धत रूढ आहे. मिठामुळे आरंभी रोध कमी होतो. परंतु पावसाच्या पाण्याबरोबर ते वाहून जाते आणि लोखंडाचा क्षय मात्र वाढतो. म्हणून खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालणे व ठराविक काळाने मापन करणे आवश्यक असते.

दाट वस्तीच्या जुन्या शहरांत जागेची अडचण याहून मोठी असते. पुण्यातील नारायण पेठ हे याचे बोलके उदाहरण होय. मुठा नदीच्या काठच्या या पेठेत लाकडी चौकटीचे वाडे एकमेकांना लागून उभे राहिले. त्यांतील पुष्कळ वाड्यांच्या जागी पुढे प्रबलित काँक्रीटच्या बहुमजली इमारती आल्या. वाड्याला चौक होता, क्वचित विहीरही होती. नव्या इमारतीत भूखंडाचा बहुतेक भाग बांधकाम व वाहनतळ यांनी व्यापला जातो. दोन भू-अग्रांमध्ये निदान त्यांच्या लांबीइतके अंतर नसल्यास त्यांचे प्रभावक्षेत्र एकमेकांत मिसळते आणि दुसऱ्या अग्राचा फायदा कमी होतो. दोन हातांवर दोन खड्डे खणून नियमाची पूर्ती झाली, तरी हेतू अपुराच राहतो.

पायातील पोलाद : अशा ठिकाणी पायाचाच भू-अग्र करणे हा उत्तम मार्ग होय. मातीशी संलग्न काँक्रीट ओलावा धरून ठेवते व त्याची रोधकता साधारणतः ३० ते २०० ओहम-मीटर असते. म्हणजे ते आतील सळई व बाहेरील जमीन यांमधील वाहक माध्यम बनते. पायाच्या रोधाचा ढोबळ अंदाज मातीच्या रोधकतेला ०·२ ने गुणून व काँक्रीटच्या घनफळाच्या घनमुळाने भागून काढतात. घनफळ ६० घ. मी. व मातीची रोधकता १०० ओहम-मीटर असल्यास हा रोध सु. ५ ओहम येतो. वर उल्लेखिलेल्या प्रकारच्या नळांनी हा रोध गाठण्यास सातांहून अधिक नळ योग्य अंतरावर पुरावे लागतील.

पायातील सळयांची जाळी कडेने फिरणाऱ्या एका अखंड पट्टीला किंवा निवडलेल्या सळईला ठिकठिकाणी पकडीने अथवा वितळजोडाने जोडतात. ही पट्टी सर्व बाजूंनी किमान ५० मिमी. काँक्रीटमध्ये बुडालेली असावी. तिच्यापासून खांबांतील निवडक सळया वरपर्यंत सलग नेतात आणि तळमजल्यावर व गच्चीवर जोडणीसाठी धातूचे अग्रबिंदू बाहेर काढून ठेवतात. तळघराचा पाया जलरोधक प्लॅस्टिक पडद्याने पूर्णपणे वेढलेला असल्यास काँक्रीटचा जमिनीशी विद्युत् संपर्क तुटतो. अशा वेळी पडद्याखाली वेगळे वलय टाकावे लागते. पूर्वताणित काँक्रीटमधील ताणलेल्या तारांना वितळजोड करू नये. उष्णता देऊन वा पीळ देऊन बळकटी आणलेल्या सळयांचे सामर्थ्यही वितळजोडाच्या उष्णतेने घटू शकते; म्हणून संरचना अभियंत्याच्या संमतीवाचून तो करू नये व शक्यतो पकडी वापराव्यात.

सांधे : पोलादी सांगाड्याचे मोठे आडछेद लक्षात घेता खुद्द खांब व तुळया यांचा रोध नगण्य असतो, दोष बहुधा सांध्यांत असतो. बोल्टने किंवा रिव्हेटने घट्ट जोडलेले सांधे सामान्यतः अखंड वाहक मानता येतात, तथापि ते मापून पाहावेत. प्रसरण सांधे, रबरी आधारगाद्या, सरकते टेकू आणि बिजागऱ्यांवरील दरवाजे यांपाशी अखंडता तुटते. तेथे लवचिक तांब्याच्या वेणीने दोन्ही बाजू जोडतात. जोडणीच्या जागी रंग, गंज व मळ खरवडून चकचकीत धातू उघडा करणे, जोडणी घट्ट झाल्यावर ती जागा पुन्हा रंगाने झाकणे आणि बोल्ट सैल होऊ नये म्हणून स्प्रिंग वॉशर घालणे या साध्या गोष्टींवर सर्व व्यवस्थेचे आयुष्य अवलंबून असते. रंगावरच कसलेली पकड दिसायला भक्कम असली, तरी विद्युत् दृष्ट्या तिचा भरवसा नसतो. भार पेलणाऱ्या तुळईच्या पट्ट्यास जोडणीसाठी मनाजोगे भोक पाडू नये. त्यासाठी वेगळा कान वितळजोडाने बसवितात.

समवर्चस् जोडणी : एकाच वेळी हात लावता येतील असे सर्व धातुभाग एकाच विद्युत् पातळीवर म्हणजे समान वर्चसावर ठेवण्यासाठी केलेल्या जोडणीस समवर्चस् जोडणी म्हणतात. इमारतीत शिरणारे धातूचे जलनळ, वायुवाहिन्या, केबलींची धातूची आवरणे, लिफ्टचे रूळ व पोलादी सांगाडा हे सर्व तळमजल्यावरील एका मुख्य भूसंपर्क पट्टीला जोडतात. यासाठी तांब्याच्या तारेचा आडछेद किमान ६ चौ. मिमी. किंवा पोलादी पट्टीचा ५० चौ. मिमी. असावा लागतो, तडित् संरक्षण व्यवस्था असल्यास तांब्याच्या मुख्य जोडणीचा आडछेद १६ चौ. मिमी. घेतात. वायुवाहिनीचा स्वतंत्र भू-अग्र म्हणून वापर करू नये. तडित् संवाहकाचा भूसंपर्क व वीजसंचाचा भूसंपर्क एकमेकांपासून अलग ठेवावेत असे मत पूर्वी प्रचलित होते. परंतु दोहोंमध्ये लक्षावधी व्होल्ट दाबभेद क्षणभर निर्माण होऊ शकत असल्याने आता ते तळाशी एकत्र जोडण्याची शिफारस केली जाते.

तडित् संरक्षण : तडित् प्रवाह काही दशलक्षांश सेकंदांत हजारो अँपिअरपर्यंत चढतो. त्यामुळे संवाहकाच्या रोधापेक्षा त्याच्या प्रवर्तकत्वाला (बदलत्या प्रवाहास विरोध करण्याच्या गुणाला) अधिक महत्त्व येते. एका सरळ तारेचे प्रवर्तकत्व दर मीटरला सु. १ मायक्रोहेन्री असते. प्रवाह दर मायक्रोसेकंदास ३०,००० अँपिअर या वेगाने वाढल्यास त्या तारेच्या प्रत्येक मीटरवर ३०,००० व्होल्ट दाब निर्माण होतो. मग वीज तार सोडून जवळच्या नळावर किंवा माणसावर उडी घेते. तोच प्रवाह दहावीस खांबांत विभागला गेल्यास प्रत्येकातील दाब त्या प्रमाणात घटतो. म्हणूनच एका बाजूने खाली आणलेल्या एकट्या पट्टीपेक्षा परस्परांशी जोडलेला सांगाडा अधिक श्रेयस्कर ठरतो. काँक्रीटमधील उभ्या सळयांचे सांधे वितळजोडाचे, पकडीचे किंवा व्यासाच्या किमान २० पट एकमेकींवर चढवून घट्ट बांधलेले असावेत आणि गच्चीपासून जमिनीपर्यंतचा एकूण रोध ०·२ ओहमपेक्षा अधिक नसावा, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते.

क्षरण : काँक्रीटमधील पोलाद व मातीतील जस्तलेपित लोखंड तारेने जोडले गेले की ओल्या मातीत विद्युत् घट तयार होतो. त्यात मातीतील लोखंड धनाग्र बनून झिजते व काँक्रीटमधील पोलाद सुरक्षित राहते. त्यामुळे पायाला जोडलेला बाहेरचा जस्तलेपित भू-अग्र अपेक्षेपेक्षा लवकर नष्ट होतो. हे टाळण्यासाठी बाहेरील भू-अग्र तांब्याचा किंवा योग्य प्रतीच्या अगंज पोलादाचा घेतात. काँक्रीटमधून मातीत किंवा हवेत बाहेर येणारी पट्टी त्या सीमेवर विशेष झिजते; तेथे तिला जलरोधक वेष्टन घालतात.

तात्पुरते सांगाडे : गच्चीवरील पत्र्याच्या शेडी, जाहिरातफलकांच्या चौकटी, जुन्या वाड्यांच्या भिंतींना दिलेले लोखंडी टेकू आणि गणेशोत्सवातील मांडव हे पोलादी सांगाडेच होत, परंतु त्यांचा विचार इमारतीच्या आराखड्यात नसतो. भाद्रपदातील मांडव तर ऐन पावसाळ्यात उभा राहतो व त्यावर रोषणाईच्या तारा गुंडाळलेल्या असतात. अशा सांगाड्याचे सर्व सुटे भाग परस्परांशी जोडून संरक्षक तारेला बांधावेत, तारा लोखंडाला थेट न बांधता निरोधक आधारांवर न्याव्यात आणि पुरवठा ३० मिलिअँपिअरच्या अवशिष्ट प्रवाह खंडकातूनच घ्यावा. नदीकाठच्या वस्तीत यास अधिकच महत्त्व आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून आलेल्या पुराचे पाणी नारायण पेठेत शिरले होते. २५ जुलै २०२४ रोजी पहाटे भिडे पुलापलीकडील पुलाची वाडी येथे साचलेल्या पाण्यातून हातगाडी हलविताना तीन तरुणांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. पुराच्या पातळीखाली येऊ शकणारे मीटर, पंप व खंडक वर उचलून बसविणे हे अशा भागात भूसंपर्कनाइतकेच आवश्यक आहे. कारण भूसंपर्कन हे पाण्यात बुडालेल्या उघड्या तारेपासून संरक्षण देत नाही.

चाचणी : मातीची रोधकता सरळ रेषेत समान अंतरावर ठोकलेल्या चार खुंट्यांच्या साहाय्याने मोजतात. भू-अग्राचा रोध तीन अग्रांच्या पद्धतीने मोजतात. तीत प्रवाहाची खुंटी दूर ठोकून दाबाची खुंटी त्या अंतराच्या सु. ६२ टक्के अंतरावर ठेवतात. पायासारख्या विस्तृत अग्रासाठी ही अंतरे इमारतीच्या कर्णाच्या कित्येक पट लागतात व पेठांतील गल्ल्यांत ती मिळत नाहीत. अशा वेळी दोषमार्गाच्या वळशाचा संरोध मोजणे आणि प्रत्येक जोडणीची अखंडता अल्परोधमापकाने तपासणे अधिक उपयुक्त ठरते. भू-रोधाचे मापन एप्रिल-मे महिन्यांत करावे. पावसाळ्यात मिळालेला कमी आकडा फसवा असतो. अवशिष्ट प्रवाह खंडकाची चाचणी-कळ ठराविक काळाने दाबून पाहावी.

नियम व मानके : भारतात भूसंपर्कनाची मानक संहिता (भा. मा. ३०४३) प्रथम १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली व १९८७ आणि २०१८ मध्ये ती सुधारण्यात आली. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी मध्यम दाबावरील यंत्रांच्या धातूच्या चौकटींना दोन स्वतंत्र व वेगळ्या भूसंपर्क जोडण्या देणे मालकावर बंधनकारक केले होते. या नियमांची जागा केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांनी व पुढे २०२३ च्या विनियमांनी घेतली. दोन जोडण्यांमागील तत्त्व असे की, एक सांधा तुटला तरी दुसरा मार्ग शिल्लक राहावा. दोन्ही तारा एकाच बोल्टखाली दाबल्यास हे तत्त्व निष्फळ होते.

भूसंपर्कनातील बहुतेक उणिवा नंतर दुरुस्त करता येतात. सैल सांधा आवळता येतो, खंडक बदलता येतो, नवा नळ पुरता येतो. पायातील सळयांची जोडणी मात्र काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांतच शक्य असते. त्या वेळी लागणाऱ्या पकडी व पट्टी यांचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने अत्यल्प असतो. म्हणून वाड्याच्या जागी नवी इमारत उभी राहताना विद्युत् अभियंत्याने मीटर बसविण्याच्या वेळी नव्हे, तर पायाच्या खोदाईच्या वेळीच उपस्थित असणे इष्ट होय. जोडण्यांची छायाचित्रे, मापनांचे आकडे व अग्रबिंदूंच्या जागा दाखविणारा आराखडा इमारतीच्या कागदपत्रांत जपून ठेवल्यास पुढील रहिवाशांनाही त्याचा उपयोग होतो.